भारी स्पीकर घेतले, पण खोलीचं काय?

संपादक साहेब, नमस्कार,

तुमच्या पुरवणीत महागड्या स्पीकरवरचा लेख वाचला, वॅट आणि किंमत सगळं आलं पण खोलीबद्दल एक ओळ नाही! अहो आपल्या फ्लॅटमधे खाली टाइल्स, समोर काचेची स्लायडिंग, मग आवाज खणखणणारच ना. त्यात खोली १० बाय १० फूट असेल तर साधारण ५६ हर्ट्झचा बेस (खालच्या सुराचा जाड आवाज) लांबी-रुंदी दोन्हीकडून फुगतो, म्हणजे डग्गा कोपऱ्यात नुसता घुमतो आणि बरोबर मधोमध बसलं की गायब. जाड पडदे, गालिचा यांनी खणखण कमी होते, बेस काही आवरत नाही, त्याला कोपऱ्यात जाड रॉकवूलच (दगडापासून बनवलेली, आवाज शोषणारी लोकर) लागतं. निदान स्पीकर भिंतीपासून पुढे ओढून बघा, फुकटचं काम आहे. यावर पण लिहा की राव.

– एक वाचक, डोंबिवली