जुनाट आजारांची मोजणी वेळेवर व्हावी

महोदय,

साथीच्या रोगाची बातमी काही तासांत सीमेपलीकडे पोहोचते. मधुमेह, उच्च रक्तदाब, कर्करोग यांच्याबाबत मात्र अनेक देश वर्षानुवर्षे जुन्याच आकड्यांवर धोरणे आखतात. जगातील दर चार मृत्यूंपैकी जवळपास तीन असंसर्गजन्य आजारांमुळे होत असताना ही ढिलाई मला अक्षम्य वाटते.

जागतिक आरोग्य संघटनेची ‘स्टेप्स’ ही सर्वेक्षण पद्धत उपलब्ध आहेच. आधी प्रश्नावली, मग उंची, वजन, रक्तदाब आणि शेवटी रक्तातील साखर व कोलेस्टेरॉल. पण एकदा सर्वेक्षण करून दहा वर्षे थांबले, तर आजार वाढतो आहे की घटतो आहे हे कळणार कसे?

निकषही सगळीकडे सारखे नाहीत. अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थांनी २०१७ मध्ये उच्च रक्तदाबाची मर्यादा १३०/८० केली. इतरत्र बहुतेक ठिकाणी ती १४०/९० आहे. नुसत्या टक्केवारीची तुलना म्हणूनच फसवी ठरते. मूळ मोजमापे जपली, तर कोणत्याही निकषाने पुन्हा हिशेब करता येतो.

सर्वांत जास्त काळजी वाटते ती मृत्यूच्या दाखल्यांची. ‘हृदय बंद पडले’ एवढीच नोंद झाली, तर त्यामागचा मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार कायमचा हिशेबाबाहेर राहतो. दाखला नीट भरण्याचे प्रशिक्षण डॉक्टरांना देण्यास फारसा खर्च येत नाही.

असंसर्गजन्य आजारांमुळे होणारे अकाली मृत्यू २०३० पर्यंत एक तृतीयांशाने घटवण्याचे वचन देशांनी दिले आहे. त्यांनी निदान दर पाच वर्षांनी सर्वेक्षण करावे आणि नावे वगळून मूळ नोंदी संशोधकांना खुल्या कराव्यात.

– एक वाचक