हवाईयन थीम आणि खरा हुला

माननीय संपादक, स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात लेकीच्या शाळेचं गॅदरिंग झालं, थीम होती हवाईयन. पाचवीच्या मुलींना हिरव्या प्लॅस्टिकच्या झालरीचे घागरे, गळ्यात कागदी फुलांच्या माळा, आणि म्युझिक लागलं की जोरजोरात कंबर हलवायची, झाला हुला डान्स. शाळेचं नाव घेत नाही कारण सोसायटीच्या थर्टी फर्स्टला पण हेच चालतं. घरी आल्यावर लेकीने विचारलं, आई, हुला म्हणजे तो हूप फिरवतात तोच ना? मला काही सांगता येईना, मग वाचायला बसले, व्हिडिओ बघितले, आणि खरंच वाईट वाटलं.

एकतर ते गवताचे घागरे मूळचे हवाईचे नाहीतच, किरिबाटी बेटांवरून आलेल्या मजुरांबरोबर ते तिकडे पोचले. आणि आपण ज्याला हुला म्हणतो ती भराभर कंबर हलवणं तर ताहिती या दुसऱ्याच बेटाच्या नाचाची चाल आहे. हुला म्हणजे हवाई बेटांचा पारंपरिक नाच, त्यात पाय ताल धरतात आणि हात गोष्ट सांगतात, पाऊस, लाट, डोंगर, सगळं हातातून. म्हटलेल्या शब्दांशिवाय हुला नाहीच. हवाईतल्या हिलो गावच्या पावसालासुद्धा नाव आहे, कानीलेहुआ, आणि ते त्या काव्यात येतं. एका व्हिडिओत एक बाई मांडी घालून बसलीय, समोर दोन भोपळे एकावर एक चिकटवलेलं वाद्य, ते खाली आपटलं की धुम् आणि बोटांनी थापटलं की टक टक, आणि तीच त्यावर खड्या आवाजात म्हणतेय. भोपळा बघून मी चमकलेच, आपल्या मिरजेच्या तंबोऱ्याचा कडू भोपळा असतो ना, तोच जातीचा!

आता हे सगळं टिकलं कसं ते ऐका. १८२० मध्ये हवाईत अमेरिकन मिशनरी आले, आणि १८३० मध्ये ख्रिश्चन झालेल्या राणी काआहुमानूने चारचौघात हुला करायला बंदी घातली. तरी गावागावात, घराघरात गुरू शिकवत राहिले. पुढे राजा कालाकाउआने १८८३ मध्ये स्वतःच्या राज्याभिषेकाला उघडपणे हुला ठेवला तर त्याची कार्यक्रमपत्रिका छापणाऱ्यांवर अश्लीलतेचा खटला भरला, म्हणजे बघा. दहा वर्षांत ते राजेशाहीचं राज्यच उलथवलं गेलं, १८९६ मध्ये शाळांमधून हवाईयन भाषेत शिकवणं कायद्याने बंद झालं. भाषा शाळेतून गेली पण हुलाच्या शब्दांत राहिली, मला तरी ही सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. पुढे हवाई अमेरिकेचं एक राज्य झालं आणि १९७८ मध्ये त्या भाषेला राज्यभाषेचा दर्जा मिळाला. आणि १९६० च्या त्सुनामीत उद्ध्वस्त झालेल्या त्याच हिलोत १९६४ पासून त्या कालाकाउआ राजाच्या टोपणनावाने, मेरी मोनार्क म्हणजे आनंदी राजा, दरवर्षी महोत्सव भरतो, १९७१ पासून हुलाची स्पर्धा पण.

आणि आपला पुणेकरांचा संबंध नाही असं समजू नका. हवाईतल्या मौना केआ डोंगरावर जी तीस मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण उभारायचं ठरलं होतं त्या प्रकल्पात भारत भागीदार आहे, आपली पुण्यातली खगोलशास्त्राची संस्था आयुका पण त्यात आहे. २०१९ च्या जुलैमध्ये त्या बांधकामाला विरोध म्हणून तिथले लोक रस्त्यावर बसले, म्हाताऱ्या माणसांना अटक झाली, आणि त्या रस्त्यावर रोज ठरलेल्या वेळी मंत्र म्हणत हुला व्हायचा. दुर्बीण व्हावी की नको यावर मी बोलत नाही, तेवढं विज्ञान मला कळत नाही, पण तो डोंगर त्यांना देवासारखा आहे आणि ते त्याच्यासाठी नाचत होते, हे आपल्याकडच्या बातम्यांमध्ये मला तरी कुठे वाचायला मिळालं नाही. नुसतं आंदोलक, आंदोलक.

लावणीला नुसती 'आयटम' म्हटलं की आपल्याला किती लागतं, तसंच त्यांना होत असेल ना!

आपल्या रविवारच्या पुरवणीत कुणा जाणकाराकडून हुलावर एखादं पान लिहून घ्याल का? शाळेला मी पत्र दिलंय की पुढच्या वेळी हीच थीम घेतलीत तर मुलींना आधी दोन तास हे सांगा, एक खरा व्हिडिओ दाखवा आणि ते घागरे नकोत. अजून उत्तर आलेलं नाही.

आपली,
एक पालक, कोथरूड, पुणे