सशिणीची चाचणी मेडिकलच्या पट्टीवर?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला पाळीव सशांवरचा लेख वाचला. भाषा गोड आहे, वाद नाही. पण ‘मादी गाभण आहे की नाही हे मेडिकलमधल्या साध्या पट्टीवरही कळते’ हे वाक्य छापण्याआधी एखाद्या पशुवैद्याला फोन करायला काय हरकत होती? ती पट्टी एचसीजी शोधते. ते माणसाच्या वारेतून तयार होणारं संप्रेरक. सशिणीच्या लघवीत ते येणार कुठून?

खरं तर ससा या गोष्टीत होता, पण उलट्या बाजूने. १९३१ साली अमेरिकेत फ्रीडमन या संशोधकाने काढलेल्या बाईच्या गरोदरपणाच्या चाचणीत बाईची लघवी सशिणीच्या कानाच्या शिरेत टोचत आणि दोनएक दिवसांनी तिचं पोट उघडून अंडाशय बघत. बाईचा निकाल काहीही लागो, सशीण बहुधा जिवाला मुकायची.

माझा संताप वेगळाच आहे. आम्हाला ज्याने ‘दोन्ही माद्या’ म्हणून ससे विकले, त्यानेही हाच पट्टीचा सल्ला दिला होता. एक मादी छातीचे केस उपटून गवतात अंथरायला लागली. त्याला विचारलं तर म्हणे, ‘ताई, कुठून तरी नर घुसला असणार. पिल्लं झाली की आणून द्या, निम्म्या भावात घेतो.’ सासूबाईंनी जुनं लुगडं फाडून खोक्यात घातलं. पिल्लं कसली होताहेत!

सशिणीचं बीज पाळीप्रमाणे सुटत नाही, समागमानंतर दहा-बारा तासांनी सुटतं. त्याला नरच लागतो असंही नाही, दुसरी मादी अंगावर चढली तरी पुरतं. मग बीज सुटलेल्या जागी अंडाशयात तयार होणारा पीतपिंड प्रोजेस्टेरॉन हे गर्भ टिकवणारं संप्रेरक बनवू लागतो आणि गर्भ नसताना शरीर गाभण असल्यासारखं वागतं. साधारण १६ ते १८ दिवसांनी प्रोजेस्टेरॉन उतरतं, दूध आणणारं प्रोलॅक्टिन वाढतं आणि बाईसाहेब घरटं बांधायला घेतात. खरी गाभण मादी महिनाभराने विते. म्हणजे निम्म्यातच केस उपटले तर खोक्याची घाई नको. आणि शंका असेल तर बाराव्या दिवसाच्या सुमारास डॉक्टर पोट चाचपून सांगतात. हे चार ओळींत बसलं असतं, पण तुमची अर्धी जागा फोटोने खाल्ली.

तो फोटोही गिनीपिगचा आहे.

आणि गेल्या आठवड्याच्या शब्दकोड्याचं उत्तर अजून छापलेलं नाही, तेवढं बघावं.

आपली,
एक जुनी वर्गणीदार, सातारा