रंगाआधी सांगाडा पाहावा

चि. मनू हिस अनेक आशीर्वाद.

तू विकत घेऊ पाहतेस त्या 1963 च्या शेव्हरोले कॉर्व्हेट स्टिंग रे कूपेचे, म्हणजे दोन दारांच्या, बंद छताच्या गाडीचे, तू पाठवलेले फोटो तुझ्या आईने आणि मी सावकाश पाहिले. गाडी देखणी आहे यात वाद नाही. परंतु विक्रेत्याने पाठवलेल्या इतक्या फोटोंमध्ये गाडीच्या पोटाखालचा एकही नाही, आणि तिची खरी किंमत तिथेच ठरायची आहे.

मागची काच मधोमध दुभागणारा कणा फक्त त्याच वर्षीच्या कूपेला होता. गाडी बनवणाऱ्या जनरल मोटर्सच्या डिझाइन विभागाचे प्रमुख बिल मिचेल यांना तो हवा होता. त्यामुळे चालकाला मागचे नीट दिसत नाही, असे अभियंते झोरा आर्कस-डुन्टोव्ह यांचे म्हणणे होते, आणि 1964 मध्ये तो काढला गेला. (डुन्टोव्ह यांचे बरोबर होते, पण देखणेपणात मिचेल यांनी बाजी मारली, असे मला वाटते.) सेंट लुईसच्या कारखान्यातून असे 10,594 कूपे बाहेर पडले. गंमत अशी की त्या काळी कित्येक मालकांनी स्वतःच हा कणा कापून एकसंध काच बसवून घेतली, आणि आता त्याला भाव आल्यावर 1964 च्या गाडीला कणा जोडून ती 1963 ची म्हणून खपवण्याचे प्रकारही झाले आहेत. म्हणून काचेवर विसंबू नकोस. ग्लोव्ह बॉक्सच्या खाली आडव्या पट्टीवर गाडीचा क्रमांक असतो. तो 30837 ने सुरू झाला पाहिजे. 40837 दिसले, तर गाडी 1964 ची समज.

बाहेरची बॉडी फायबरग्लासची असल्यामुळे तिला गंज चढत नाही आणि लोहचुंबक लावून काही कळतही नाही. आतली चॅसी, म्हणजे गाडीचा खालचा मूळ पाया, आणि केबिनभोवतीचा सांगाडा, ज्याला तिकडचे जाणकार ‘बर्डकेज’ म्हणतात, हे मात्र पोलादाचे आहेत, आणि चकचकीत रंगाखाली तेच सडलेले असतील तर ‘वरून कीर्तन, आतून तमाशा’ अशी गत होते. दार उघडून त्याचे टोक हलकेच वर उचलून पाहा. ते बिजागरीपाशी हलते का, बंद करताना खाली लोंबते का, याकडे लक्ष दे. मग टॉर्च घेऊन पुढच्या काचेच्या खांबांचे बूड, पायांशेजारची आतली बाजू आणि मागच्या चाकांच्या अगदी पुढचा चॅसीचा भाग बघ. बोटाने खरवडल्यावर पापुद्रे सुटू लागले, तर त्या दुरुस्तीसाठी बॉडी उतरवावी लागण्याची शक्यता धर, आणि तो खर्च गाडीच्या सौंदर्याकडे पाहून माफ होत नाही. चाकांच्या खोबणीत आतून पॅनेलचे सांधे दिसतात. तिथे लांबी (पुट्टी) फासलेली आढळली, तर गाडी कधीतरी ठोकली गेली आहे.

इंजिन 360 अश्वशक्तीचे, फ्युएल इंजेक्शनचे असल्याचा विक्रेत्याचा दावा आहे. उजव्या सिलिंडर हेडच्या पुढे ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव भागावर, एक छोटी सपाट जागा आहे. तिथल्या कोडच्या शेवटी आरएफ ही अक्षरे हवीत आणि शेजारचे आकडे गाडीच्या क्रमांकाशी जुळायला हवेत. त्या जागेवर कारखान्यातल्या कटाईच्या बारीक समांतर रेघाही दिसल्या पाहिजेत, कारण पृष्ठभाग घासून नवे आकडे ठोकणारे महाभाग कमी नाहीत.

ब्रेक ड्रमचे आहेत, चारही चाकांना डिस्क ब्रेक 1965 पासून आले. तो या गाडीचा दोष नव्हे, मात्र हायवेवर पुढच्या गाडीपासून अंतर राखून चालवावी लागेल. सीटचे व्हिनाइल फिके पडले असेल तर त्यावरून भाव पाडू नकोस. मूळचे जीर्ण व्हिनाइल मला नव्या कव्हरपेक्षा कधीही अधिक पसंत आहे.

विक्रेत्याला गाडी लिफ्टवर चढवून दाखवायला सांग आणि जुन्या कॉर्व्हेटवर काम केलेला एखादा मेकॅनिक सोबत ने. विक्रेत्याने टाळाटाळ केली तर आभार मानून परत ये. तोवर बयाणा म्हणून एक डॉलरही देऊ नकोस. ब्लॉकवरच्या आकड्यांचा फोटो मात्र मला त्याच दिवशी पाठव.

तुझे बाबा