आपल्या चर्चची चित्रफीत : अकरा चौकटी अजून रिकाम्या आहेत

प्रिय बंधू-भगिनींनो,

वसईत नव्याने राहायला आलेले शेजारी अजूनही विचारतात, “तुम्ही ख्रिस्ती ना? मग मराठी एवढं चांगलं कसं बोलता?” विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, पण मनाला लागतं. म्हणून आपल्या धर्मग्रामाची (पॅरिशची) ३ मिनिटांची चित्रफीत करायचं पॅरिश कौन्सिलने ठरवलं आहे.

३ मिनिटं म्हणजे १८० सेकंद. एका दृश्याला ५ सेकंद आणि वहीत एक चौकट धरली तर ३६ चौकटी होतात. युवकांनी त्या वहीत आखल्या आहेत. वर चित्र, खाली आवाज कुठला आणि ऊन कुठल्या वेळचं. कॅमेरा दिवसाच्या भाड्याने येतो, आणि मिस्सा (चर्चमधली सामूहिक उपासना) चालू असताना वेदीपुढे उभं राहून ‘आता काय घ्यायचं’ अशी कुजबुज आम्हाला नको आहे.

पहिल्या आराखड्यात निम्म्या चौकटींत नुसती इमारतच होती. तो आम्ही रद्द केला. आता सुरुवात होते पहाटे केळीच्या वाडीत पाणी सोडणाऱ्या हातांपासून, पुढच्या चौकटीत त्याच हातांत मराठी प्रार्थनापुस्तक. मग एक मुलगी इंग्रज जेझुइट धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’तली ओवी म्हणते. १६१६ साली छापलेला ग्रंथ, तुकोबांच्या काळातला! एक चौकट वसईत जन्मलेल्या संत गोन्सालो गार्सिया यांची.

अकरा चौकटी तुमच्यावाचून रिकाम्या आहेत. लाल लुगडं नेसून लग्नाची गाणी म्हणणाऱ्या आजी हव्यात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेआधीची, म्हणजे १९६० च्या दशकापूर्वीची लॅटिन मिस्सा आठवणारे आजोबा हवेत. त्यांना तर आधी गाठायचं आहे. जुने फोटो तुमच्या घरी, तुमच्यासमोरच मोबाइलवर टिपून घेऊ, अल्बम बाहेर नेणार नाही. चौकटींतली चित्रं काढायला चित्रकला येणाऱ्या दोघा-तिघांची गरज आहे. किनाऱ्यावर वाऱ्यात बोलणं ऐकूच येत नाही, म्हणून कोणाकडे कॉलर माइक असेल तर दोन दिवस द्यावा.

कॅमेऱ्याचं भाडं आणि संकलन यांसाठी पैसे लागतील. जमेल तेवढी रक्कम चर्चच्या कार्यालयात द्यावी, पावती अवश्य घ्यावी. हिशेब सूचनाफलकावर लागेल. पालकांच्या लेखी संमतीशिवाय मुलांचं चित्रण होणार नाही, आणि ख्रिस्तशरीर वाटपाच्या वेळी कॅमेरा बंद राहील.

येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर वही हॉलमध्ये ठेवू. येताना घरातला एक जुना फोटो घेऊन या.

आपले,
युवक मंडळ व पॅरिश कौन्सिल