कामगारमंत्र्यांना खुले पत्र: बाटलीवर नाव लिहायला किती खर्च येतो?

माननीय कामगारमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

सविनय नमस्कार.

मी एका खासगी रुग्णालयात हाउसकीपिंगची सुपरवायझर आहे. पगार रुग्णालय देत नाही, कंत्राटदार देतो. चौदा वर्षांत पाच कंत्राटदार बदलले. मी आणि माझ्या हाताखालच्या बायका त्याच मजल्यांवर आहोत. आपला वेळ मोलाचा आहे, म्हणून थोडक्यात लिहायचं ठरवलं होतं. जमेल असं वाटत नाही.

गेल्या महिन्यात रात्रपाळीला तिसऱ्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये माझ्या हाताखालची एक मुलगी कमोड घासत होती. वय चोवीस, कामाला लागून अकरा दिवस झालेले. आधी तिनं आर-सिक्स टाकलं होतं. आमच्याकडे कमोडच्या ॲसिडला आर-सिक्स म्हणतात. डाग निघेना, म्हणून तिनं ट्रॉलीवरची दुसरी बाटली उचलली. पिण्याच्या पाण्याची लिटरची रिकामी बाटली, शिंपडता यावं म्हणून तिच्या झाकणाला तापवलेल्या सुईनं छिद्रं पाडलेली, आत फिकट पिवळं पाणी. तिला वाटलं, साबणाचं असेल.

ते हायपो होतं. सोडियम हायपोक्लोराइट. ॲसिडवर ते पडलं की क्लोरिन वायू निघतो. हे मला माहीत आहे, कारण वॉर्डातल्या एका सिस्टरनी मला कधीतरी समजावलं होतं. त्या मुलीला कोणी सांगितलं नव्हतं. मीही नाही. तीन मजल्यांना मी एकटी सुपरवायझर आहे, आणि अकरा दिवसांत तिला शेजारी बसवून चार गोष्टी सांगायला मला अर्धा तास मिळाला नाही, हे मी लपवत नाही.

क्लोरिन हवेपेक्षा जड असतो, तो खाली बसतो. ती उकिडवी बसून घासत होती. एक्झॉस्टचा पंखा चार महिने बंद होता. मी पोचले तेव्हा ती दाराला हात लावून पडली होती, तोंडातून आवाज निघत नव्हता. तिला ओढून बाहेर काढताना माझ्याही छातीत तो वायू गेला. घशात कोणी काचेची पूड टाकली असं वाटलं.

दोन मजले खाली कॅज्युअल्टी आहे. तिथली फरशी मी स्वतः पुसून घेते. तिथे पहिला प्रश्न आला, "पेशंट कोणाचा?" मी म्हटलं, आपलाच स्टाफ. उत्तर आलं, "कॉन्ट्रॅक्टरचा स्टाफ." ऑक्सिजन लावला, तेवढं खोटं बोलणार नाही. दुसऱ्या दिवशी दोघींचं मिळून ११,४०० रुपयांचं बिल आलं. कंत्राटदारानं ते भरलं आणि आता आमच्याच पगारातून तीन हप्त्यांत कापतोय.

दर महिन्याच्या पगारपत्रकावर ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, ०.७५ टक्के कापलेले दिसतात. मालकानं त्यावर ३.२५ टक्के भरायचे असतात. कामावर झालेल्या अपघाताला हे संरक्षण नोकरीच्या पहिल्या दिवसापासून असतं. मी त्या मुलीचा विम्याचा नंबर मागितला, तर ऑफिसातून सांगितलं, "अजून जनरेट झालेला नाही." अपघाताचा अहवाल कोणी पाठवला, विचारलं, तर म्हणे अपघात झालाच कुठे, बाईला चक्कर आली.

मला झोप लागत नाही. आडवी झाले की खोकला उसळतो, म्हणून भिंतीला उशी लावून बसून रात्र काढते. लेक म्हणते, आई, हे काम सोड. तिनंच मोबाइलवर शोधून मला वाचून दाखवलं. नॉर्वेतल्या बर्गन विद्यापीठाच्या संशोधकांनी ६,२३५ माणसांची श्वासाची ताकद वीस वर्षांच्या काळात तपासली आणि २०१८ साली निष्कर्ष छापला. सफाईचं काम करणाऱ्या बायकांची फुप्फुसं जवळपास वीस वर्षं रोज पाकीटभर सिगारेट ओढावी तितकी खालावली होती. मी आयुष्यात विडी हातात धरली नाही, साहेब.

आणि हे पहिल्यांदा झालेलं नाही, म्हणून तर लिहायला बसले. तीन वर्षांपूर्वी माझ्या अंगठ्यात सुई घुसली होती. सुई पांढऱ्या डब्यात जायला हवी होती, ती काळ्या पिशवीत आली. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत लिहिलंय की हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्यायची. मला एकही डोस मिळालेला नव्हता. पुढचे सहा महिने रक्ततपासण्या. रिपोर्ट येईपर्यंत लेकीची वेणी घालताना माझा हात थरथरायचा.

तेव्हा आम्ही अर्ज केला होता. तपासणीला अधिकारी आले, स्टोअररूम पाहिली, नाव नसलेल्या बाटल्यांचे फोटो काढले आणि आम्हा सगळ्या बायकांसमोर म्हणाले, "पंधरा दिवसांत यातली एक बाटली दिसणार नाही. लसही मिळेल." आम्ही त्यांना चहा पाजला. तीन वर्षं झाली. लस बाविसातल्या सहाजणींना मिळाली, त्याही एकेका डोसावर थांबल्या. पूर्ण व्हायला तीन लागतात. बाटल्या त्याच आहेत.

आता आपण म्हणाल, नवा कायदा आला. कामाच्या जागेची सुरक्षितता, आरोग्य यांची २०२० ची संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, हे मीही वाचलं. त्यात नेमणूकपत्र आहे, मोफत तपासणी आहे. पण त्याच संहितेत आस्थापनेचं मुख्य काम कोणतं, याची व्याख्या आहे, आणि त्यातून झाडणं, पुसणं, कचरा उचलणं वगळलंय. म्हणजे मुख्य कामावर कंत्राटी माणूस नको म्हणणारा कायदा आमच्यापाशी येऊन थांबतो. ऑपरेशन थिएटर दोन शस्त्रक्रियांच्या मध्ये पुसलं नाही तर पुढचा पेशंट आत घेता येत नाही. मग ते मुख्य काम कसं नाही? कोणी ठरवलं? त्या टेबलावर आमच्यातली एक तरी बसली होती का?

१९७० चा कंत्राटी कामगार कायदा लागू व्हायला वीस माणसं पुरत होती. आता पन्नास लागतात. आमचा कंत्राटदार मस्टरवर ४७ दाखवतो, उरलेल्या बायका त्याच्या भावाच्या नावावर. निरीक्षकाचं नावसुद्धा बदललं, तो आता सुविधा पुरवणाराही झाला. कोणाला सुविधा, तेवढं सांगा.

याच राज्यानं माथाडींसाठी १९६९ साली कायदा केला, खासगी सुरक्षा रक्षकांसाठी १९८१ साली, घरकामगारांसाठी २००८ साली. ज्या गेटवरून आम्ही आत येतो तिथल्या रक्षकासाठी मंडळाचा कायदा आहे. आत कमोड घासणारीच्या हातात फक्त बाटली. ३ मे २०२० ला रुग्णालयांवर हेलिकॉप्टरमधून फुलं टाकली. ती झाडून उचलली आमच्यासारख्या बायांनीच. सगळे आम्हाला मावशी म्हणतात. मावशी म्हणायला आदर लागतो असं मला वाटायचं. आता वाटतं, नाव ठाऊक नसलं की मावशी म्हणतात.

माझं मागणं मोठं नाही. प्रत्येक बाटलीवर मराठीत नाव, आणि वाचता न येणाऱ्या बाईसाठी हात जळतो ते चित्र. ॲसिड आणि हायपो एका ट्रॉलीवर नकोत. लसीचा पहिला डोस कामाला लागायच्या आधी. आणि अपघात ज्या इमारतीत झाला, त्या इमारतीच्या मालकानं तो आपल्या वहीत लिहायचा, मग पगार कोणीही देवो. त्या मुलीचे कापलेले पैसे परत मिळावेत. ती अजून कामावर आलेली नाही. जिना चढताना मध्येच बसते, असं तिची आई सांगत होती.

ती बाटली दुसऱ्या दिवशी फेकून द्यायला सांगितली होती. मी दिली नाही. पिशवीत गुंडाळून घरी ठेवली आहे. तळाला थोडं हायपो आहे, झाकणाला सात छिद्रं आहेत, नाव कुठेच नाही. आपल्याकडून कोणी तपासायला येणार असेल तर मी सही करून ताब्यात देईन. माझी पाळी रात्री दहाला सुरू होते, त्याआधी कधीही या.

आपली,
एक हाउसकीपिंग सुपरवायझर