‘आलाति’पुढची फुटकी कड

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. लुवियन ही तुर्कस्तानातली एक प्राचीन, आता मृत भाषा; तिच्या मंत्रातला मोडका शब्द लावतात कसा, हे तू विचारलंस. नुसती रीत कोरडी वाटेल, म्हणून एकच शब्द घेतो: ‘आलाति’.

हत्तुशा ही तिथल्या हित्ती लोकांची राजधानी. तिथल्या, खिळ्यांसारख्या खुणांच्या लिपीत लिहिलेल्या मातीच्या पाट्यांमध्ये इस्तानुवा गावचे विधी आहेत. कृती हित्ती भाषेत, गाणं मात्र लुवियनमध्ये. केबीओ 4.11 (केबीओ आणि केयूबी ही पाट्यांच्या छापील संग्रहांची लघुनावं) या पाटीच्या मागच्या अंगावर 46व्या ओळीत असं आहे: ‘आह्हा-ता-ता आलाति आविएन्ता विलुशाति’. हित्ती मजकूर एवढंच सांगतो की विधी करणारा आता शुवाशुना देवाच्या नावानं पितो. अर्थ कोणी दिलेला नाही. दुसरी पाटी केयूबी 35.102. तिथे ‘आलाति-त्ता आह्हा’, मग ‘माणूस’ या अर्थाचं सुमेरी चिन्ह, ‘आविता’, आणि पुढे पाटी फुटलेली.

आधी प्रत्यय बघ. लुवियनमध्ये ‘-अति’ हा तृतीया आणि पंचमी दोन्हींचं काम करतो. ‘आविता’ म्हणजे आला, ‘आविएन्ता’ म्हणजे आले. तेव्हा इथे पंचमीच बसते, ‘-हून’. (‘आलाति’ वाचून आपल्या कानाला ‘आला’ ऐकू येतं, पण तो निव्वळ योगायोग.) पहिल्या ओळीत ‘आलाति’ आणि ‘विलुशाति’ दोघांनाही तोच प्रत्यय आहे, मधे क्रियापद. संस्कृतात विशेषण विशेष्याची विभक्ती घेतं आणि पद्यात दोघं लांब जाऊन बसतात, तसंच इथे असावं: ‘जेव्हा ते आलाति विलुशाहून आले’.

विलुशा म्हणजे ग्रीक महाकवी होमरचं इलिऑस, ट्रॉय, हे आज बहुतेकांना मान्य आहे. होमर त्या नगराला ‘उंच, चढणीचं’ म्हणतो. हे धरून भाषाशास्त्रज्ञ कॅल्व्हर्ट वॉटकिन्सनी 1986मध्ये ‘आलाति’चा अर्थ ‘उंच चढणीच्या’ असा सुचवला, आणि दुसऱ्या पाटीच्या फुटक्या जागीही ‘विलुशाति’ भरलं. कल्पना सुरेख आहे. मला ती पटतेही. पण अडचण नेमकी इथेच आहे.

शाबूत ओळ एकच आहे. दुसरीत विलुशा आपण ‘आलाति’च्या आधारावर घातला. मग कोणी म्हणतं, ‘आलाति हे विशेषण दोन ठिकाणी विलुशाला लागलंय, म्हणजे ठरलेलं बिरुदच!’ एक साक्षीदार दोनदा उभा केला की झालं. भरलेला शब्द दाखवणारा चौकटी कंस एका लेखातून दुसऱ्यात जाताना गळतो, आणि हा घोटाळा बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतो.

भरलेला शब्द तपासायचा तर जागा मोज. ऊ-इ-लु-शा-ति ही पाच चिन्हं. त्याच रकान्यातल्या वरच्या-खालच्या पूर्ण ओळींत तेवढ्या रुंदीत किती चिन्हं मावतात ते बघ, चार-पाच ओळींची सरासरी काढ. लेखनिक ओळीच्या शेवटी चिन्हं दाटीनं बसवतो, कधी कडेवरही वळवतो, म्हणून एखाद्या चिन्हाचा फरक सोडून दे. बसलं म्हणजे ‘शक्य’ एवढंच. तितक्याच लांबीचं दुसरं गावही तिथे बसेल. हातानं काढलेल्या नकलेवर विसंबू नकोस, नक्कल करणारा अर्धवट खूण बघता बघता पूर्ण करतो. फोटो घे, तोही वेगवेगळ्या बाजूंनी तिरपा उजेड टाकलेला: खिळ्याची खूण खोलगट असते, तिच्या भिंतीवर सावली पडते, चरा आणि भेग तशी वागत नाही.

आणखी एक खटकणारी गोष्ट. शाबूत ओळीतल्या ‘विलुशाति’पुढे गाव किंवा देश दाखवणारी खूण नाही. गाण्यात ती गळू शकते. पण त्यामुळे दोन्ही शब्द नामं असण्याची वाट उघडी राहते: ‘अमक्याहून, विलुशाहून’. ‘आलाति’ मग विशेषणच राहत नाही.

व्युत्पत्ती अगदी शेवटी. लुवियन ‘वासु’ (चांगला) आणि आपला ‘वसु’ खरोखर भाऊबंद आहेत, आणि म्हणूनच पुढच्या प्रत्येक शब्दाला संस्कृत नातेवाईक शोधायचा मोह होतो. संदर्भानं अर्थ लागल्यावर नातं शोधावं. नात्यावरून अर्थ काढला तर कुठलाही निघतो.

तुझ्या वहीत दुसरी ओळ अशी उतरव: ‘आविता [विलुशाति?]’, कंस आणि प्रश्नचिन्ह दोन्ही. अर्थाच्या रकान्यात ‘उंच, चढणीचा (?)’, आणि किती ठिकाणी आधार, तर ‘विलुशासोबत: एक’.

तुझा,
मित्र